खोली बदलून मिळणेबाबत

सत्र सुरू होऊन तिसरा-चौथा आठवडा लागला की माझ्या टेबलावर एकाच विषयाचे अर्ज साचायला लागतात. 'विषय : खोली बदलून मिळणेबाबत.' खाली 'महोदया, वरील विषयास अनुसरून' आणि मग कारण. पंखा आवाज करतो. खिडकीतून धूळ येते. गादी टोचते. रूममेटशी जमत नाही. अभ्यास होत नाही. एकीने नुसतं 'खोलीत करमत नाही' एवढंच लिहिलं होतं. मला विचाराल तर त्या गठ्ठ्यातला तो सगळ्यांत प्रामाणिक अर्ज होता.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. विद्यापीठाच्या तक्त्यात आमचं खातं 'निवास'. आरोग्य केंद्र वेगळं, समुपदेशन कक्ष वेगळा, विद्यार्थी कल्याण वेगळं. चार खाती, चार इमारती, प्रत्येकाचा आपापला फॉर्म आणि आपापली जेवणाची सुट्टी. तक्ता कागदावर छान दिसतो. पण इतकी वर्षं हे अर्ज वाचून माझं एक मत पक्कं झालंय. इथल्या मुलींच्या तब्येतीची खरी नोंद आरोग्य केंद्राच्या केसपेपरात सापडणार नाही, ती माझ्या खोली-बदलाच्या फाइलीत सापडेल. केसपेपरवर 'डोकेदुखी' असं लिहिलेलं असतं. डोकं का दुखतं ते माझ्याकडे येतं, फक्त पंख्याच्या नावाने येतं.

असं का होतं, तर खोली मागायला लाज वाटत नाही. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आपण आजारी आहोत असं कबूल करावं लागतं. समुपदेशकाकडे जायचं म्हणजे त्याहून काहीतरी मोठं कबूल करावं लागतं. पंख्याबद्दल मात्र कुणीही तक्रार करू शकतं.

म्हणून अर्ज घेऊन आलेल्या मुलीला मी 'काय झालं?' असं विचारत नाही. त्याचं उत्तर अर्जात लिहिलेलंच असतं आणि ती तेच परत म्हणून दाखवते. मी विचारते, 'काल किती वाजता झोपलीस?' निम्मे अर्ज इथेच उलगडतात. एक पहाटे दोनपर्यंत दिवा लावून बसणारी, दुसरी साडेपाचला गजर लावून तीनदा बंद करणारी. दोघी भल्या आहेत, दोघींना एकमेकींबद्दल वाईट काही म्हणायचं नाही, आणि दोघींचीही झोप महिनाभर अर्धीमुर्धी झालेली आहे. सर्दी हटत नाही, चिडचिड होते, पाळी पुढे-मागे होते, आणि अर्जात लिहिलेलं असतं की खोलीत हवा खेळत नाही.

हा वयाचा भाग आहे हे पालकांना पटवणं अवघड जातं. माणसाच्या झोपेचं घड्याळ लहानपणापासून हळूहळू उशिराकडे सरकत जातं, विशीच्या आसपास अगदी टोकाला पोचतं आणि मग परत अलीकडे यायला लागतं. टिल रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे मांडलं. मुलींमध्ये हे टोक साधारण साडेएकोणिसाव्या वर्षी येतं, मुलांमध्ये एकविसाच्या सुमारास. म्हणजे वसतिगृह ही नेमक्या त्याच वयाच्या माणसांनी भरलेली इमारत, आणि पहिलं लेक्चर सकाळी आठला. या वयाला सात ते नऊ तास झोप हवी असं सांगतात. माझ्याकडच्या मुली पाचवर काढतात आणि रविवारी दुपारपर्यंत झोपून हिशेब चुकता करायला बघतात. तो चुकता होत नाही, उलट सोमवारची सकाळ आणखी जड जाते.

पूर्वी आमच्या प्रवेश-फॉर्मवर शाखा, गुण, पालकांचा व्यवसाय असं सगळं असायचं आणि त्यावरून खोल्या लागायच्या. एका शाखेच्या मुली एकत्र, म्हणजे अभ्यासाला सोबत, असा हिशेब. मी दोन प्रश्न वाढवून घेतले : साधारण किती वाजता झोपतेस, आणि दिवा चालू असताना झोप लागते का. पहिल्या वर्षी झाडून सगळ्यांनी 'दहा वाजता' लिहिलं, कारण फॉर्म भरताना आई शेजारी बसलेली होती! आता हा कागद मी पालक परत गेल्यावर, आठवड्याने देते. तेव्हा खरी उत्तरं येतात, आणि तोपर्यंतच्या खोल्या 'तात्पुरत्या' म्हणून दिलेल्या असतात, त्यामुळे अदलाबदलीत कुणाला हरल्यासारखं वाटत नाही. या एका कागदाने जेवढे अर्ज कमी झाले तेवढे कुठल्याही समुपदेशन शिबिराने झाले नाहीत.

आता गादी टोचते, या अर्जाबद्दल.

तो अर्ज आला तेव्हा मुलीला ढेकणांचा संशय होता. रात्री अंग खाजतं, सकाळी ओरखडे. मावशींनी गादी उलटीपालटी करून शिवणी बघितल्या, पलंगाचे सांधे बघितले. ढेकूण असले की काळे ठिपके दिसतात, कात टाकलेली सालपटं सापडतात. काहीच नव्हतं. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'मॅडम, तिच्या बोटांच्या बेचक्या बघा.' बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ होतं. आरोग्य केंद्रात पाठवली. खरूज.

खरूज म्हटलं की मुलीचा चेहरा पडतो, कारण आपल्याकडे तो अस्वच्छतेचा शिक्का आहे. खरं तर तो कातडीत बीळ करणारा एक किडा आहे आणि रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही तो तितक्याच आनंदाने धरतो. जवळचा, थोडा वेळ टिकणारा स्पर्श त्याला पुरतो. एका पलंगावर दोघी-तिघी बसून लॅपटॉपवर सिनेमा बघतात, एकमेकींच्या स्वेटरात वावरतात, हे वसतिगृहाचं रोजचं जगणं आहे. त्यात मेख अशी की पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे जिला खाजतंय तिच्यापेक्षा जिला अजून काहीच होत नाही ती पुढच्या खोलीला जास्त धोक्याची.

आता विचार करा, मी तो अर्ज मंजूर केला असता तर? नियमात बसत होता, खोली रिकामी होती, शेरा मारून सही करायची एवढंच. आणि मी स्वतःच्या सहीने खरूज दुसऱ्या मजल्यावर पोचवली असती. डॉक्टरांनी तरी काय करावं? त्यांच्यासमोर एक रुग्ण आहे, तिला त्यांनी पर्मेथ्रिनचं मलम लिहून दिलं : मानेपासून तळव्यांपर्यंत, रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं, आठवड्याने परत. उपचार अगदी बरोबर. पण रूममेट्सना त्याच रात्री मलम लागलं नाही तर महिनाभरात ती परत त्यांच्या दारात. रूममेट्सना बोलवायचा अधिकार माझा, आणि काय झालंय ते मला सांगायला डॉक्टरांना मनाई. ती मनाई योग्यच आहे. मुलींच्या आजारांची यादी रेक्टरच्या हातात असलेल्या वसतिगृहात मी स्वतः राहिले नसते.

यावर आम्ही एक चिठ्ठी काढली. मुलीची परवानगी घेऊन डॉक्टर फक्त एवढंच लिहितात : 'अमुक खोलीतील सर्व रहिवाशांना एकाच दिवशी उपचार आवश्यक. कपडे व अंथरूण याबाबत सूचना मागे.' नाव नाही, आजार नाही. खोलीतल्या चौघी एकदम जातात, चौघींना एकदम औषध मिळतं, आणि कोणाला झालं होतं हे ज्यांना समजायचं त्यांना समजतं, ती गोष्ट जिना चढून वर जात नाही. मागच्या सूचना साध्या आहेत. गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलेलं सगळं गरम पाण्यात धुवा. धुता येणार नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवा, अंगापासून सुटलेला किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तग धरत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, औषध लागू पडलं तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. हे सांगितलं नाही तर मुली घाबरून रोज मलम फासत बसतात आणि कातडी सोलवटून घेतात.

ही चिठ्ठी मंजूर व्हायला किती बैठका झाल्या ते विचारू नका. आरोग्य केंद्र म्हणे, हे निवासाचं काम. निवास म्हणजे मी, आणि माझे वरिष्ठ म्हणे, हे वैद्यकीय. किडा तोपर्यंत थांबणार होता की काय कोण जाणे.

अशीच दुसरी भानगड रिकाम्या खोल्यांची. तळमजल्यावर दोन खोल्या मी कुणालाच देत नाही, कारण आजारी मुलीला वेगळं ठेवायला जागा लागते. गालगुंड झाले तर सूज आल्यापासून पाच दिवस, कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. लस घेतलेल्यांनाही गालगुंड होतात, आणि दाटीवाटीच्या वसतिगृहांतल्या साथी जगभर नोंदलेल्या आहेत. पण दर वर्षी हिशेब तपासताना या दोन खोल्यांसमोर लाल शाईत 'महसुली तूट' असं लिहून येतं. कोविडनंतर दोन वर्षं कुणी लिहिलं नाही. आता पुन्हा सुरू झालंय.

आता ज्या गोष्टीला अर्जच येत नाही ती सांगते, कारण तिथे वेळच नसतो. मेंदूच्या आवरणाचा जंतूजन्य दाह, मेनिंजायटिस. तो क्वचित होतो. पण मेनिंगोकोकस जातीच्या जंतूने होणारा प्रकार वसतिगृहात नव्याने आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये जास्त आढळतो, म्हणूनच अनेक देशांत विद्यापीठात जायच्या आधी त्याची लस देतात. सुरुवात फ्लूसारखी होते : ताप, अंगदुखी, उलटी. मग मान आखडते, उजेड सहन होत नाही, माणूस गुंगीत बोलायला लागतो. अंगावर लालसर-जांभळे ठिपके आले आणि काचेचा पेला दाबून धरला तरी ते फिकट होत नसतील तर एक मिनिटही थांबायचं नाही. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, तेव्हा तळहात, तळपाय, पापण्यांच्या आतली बाजू बघायची. आणि ठिपक्यांची वाट बघत तर मुळीच बसायचं नाही, ते शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

इथे काही तासांचा खेळ असतो, आणि ते तास बहुतेक रात्रीचे असतात. दवाखाना बंद, मी झोपलेली, आणि मुलीला जागं करून बघणारी एकच व्यक्ती : रूममेट. ती 'दमलीय, झोपू दे' म्हणाली की संपलं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी शिस्तीचं भाषण आखडतं घेते आणि हे सांगते. आणि वॉचमनकाकांना लेखी देऊन ठेवलंय : रात्री कुणी आजारी मुलीला घेऊन आलं तर दरवाजा उघडायला, गाडी बोलवायला माझी सही लागणार नाही. आधी गाडी, मग मला फोन, रजिस्टर सकाळी. रात्रीच्या दारासाठी कितीही कडक नियम करा, पण आजारी माणूस आतून बाहेर पडताना तो आडवा येत असेल तर असा नियम कुणाच्या सुरक्षेसाठी आहे ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

फाइलीकडे परत येऊ. एकदा सुट्टीत मी जुने अर्ज काढून मजल्याच्या नकाशावर खुणा करत बसले. आमची इमारत जुन्या पद्धतीची, लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका टोकाला न्हाणीघरं. 'रूममेटशी जमत नाही' हे अर्ज न्हाणीघरांच्या जवळ दाटले होते. 'करमत नाही' हे दुसऱ्या टोकाला. जिन्यासमोरच्या खोल्यांतून जवळजवळ काहीच नाही, वास्तविक तिथे आवाज सगळ्यांत जास्त.

मला वाटलं आपल्याला मोठा शोध लागला! शोध कसला, लोकांनी तो कधीच लावून ठेवलाय. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणाची कोणाशी मैत्री होते ते पाहिलं होतं. १९५० मध्ये ते प्रसिद्ध झालं. अगदी शेजारच्या दाराशी राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे म्हटलं, त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण अवघं १० टक्के. मधलं अंतर चालून जायला काही सेकंदांचं. आणि जिन्याजवळच्या बिऱ्हाडांची वरच्या मजल्याशीही ओळख जास्त. पुढे १९७० च्या दशकात अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी लांब बोळाची वसतिगृहं आणि चार-सहा जणांच्या गटाने राहायची वसतिगृहं यांची तुलना केली. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा जवळपास सारखीच, तरी बोळातल्या मुलांना गर्दी जास्त वाटायची आणि ती माणसं टाळायला शिकायची. नको तेव्हा नको त्या चेहऱ्याशी गाठ पडते आणि ती आपल्या हातात नसते, हे त्यातलं दुखणं. १९८० मध्ये बॉम यांनीच आणखी एक प्रयोग मांडला. एका लांब बोळाच्या मध्यावरच्या तीन खोल्या काढून तिथे बसायची जागा केली, दारं लावली, म्हणजे एका मोठ्या गटाचे दोन छोटे झाले. तिथल्या मुलींना गर्दी कमी वाटायला लागली. माणसं जवळजवळ तेवढीच होती.

मी मोठ्या उत्साहाने मधोमध दार बसवायचा प्रस्ताव पाठवला. बांधकाम विभागाने तो आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेचं कारण देऊन परत केला, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग बोळाच्या त्या 'करमत नाही' टोकाला मोडक्या खाटांची एक कोठी होती ती रिकामी करून घेतली. बाकडी, एक मोठं टेबल, दोन चार्जिंगचे बोर्ड, दाराला कुलूप नाही. कुलूप नाही यावरून वाद झाला. पण किल्ली कुणाकडे मागावी लागली की ती खोली कुणी वापरत नाही, हे मला कॉमन रूमच्या अनुभवावरून ठाऊक होतं. टीव्ही मुद्दाम ठेवला नाही. आता तिथे रात्री अकरानंतर दिवा लावून अभ्यास करणाऱ्या बसतात, त्यामुळे झोपणाऱ्यांचीही सोय झाली. एका कोठीने दोन प्रकारचे अर्ज आटले.

एक अर्ज मात्र मी कधीच पटकन निकाली काढत नाही : 'मला एकटीला खोली मिळावी.' बहुतेकदा त्यात काहीच नसतं, परीक्षा जवळ आलेली असते किंवा माणूस मुळातच एकटं राहायला आवडणारा असतो. पण कधीकधी असतं. मानसिक आजारांपैकी तीन-चतुर्थांश वयाच्या चोविशीच्या आत सुरू झालेले असतात, असं रोनाल्ड केसलर यांच्या २००५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आठ देशांतल्या एकोणीस विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे चौदा हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली. २०१८ च्या अहवालात आलं की त्यातल्या ३५ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य, चिंता, व्यसन अशा नेहमीच्या विकारांपैकी काहीतरी झालेलं होतं. माझ्या एका मजल्यावर हे प्रमाण लावलं तर दर तिसरी मुलगी. मला हा आकडा ऐकून धक्का बसला नाही.

त्या मुलीला मी बसवते, दार लोटून घेते आणि गप्पा जरा पुढे गेल्या की सरळ विचारते : 'जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करावं असं मनात येतं का?' नव्या सहायक रेक्टरना हे ऐकूनच घाम फुटतो. विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात घातल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. होत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झालेत आणि विचारल्याने धोका वाढल्याचं त्यांत दिसत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. ज्या मुलीच्या मनात काही नसतं ती हसते आणि म्हणते, 'नाही हो मॅडम, मला फक्त शांतता पाहिजे.' तिला मग खोली मिळते, असली तर. जी हसत नाही, तिला मी त्या दिवशी एकटीला जाऊ देत नाही, समुपदेशकांच्या दारापर्यंत बरोबर चालत जाते. नुसता नंबर लिहून दिलेला कागद पाकिटात राहतो.

आणि इथेच सगळ्यांत मोठा अडसर आहे, तो म्हणजे मी. मुलींना समुपदेशकांची भीती वाटत नाही. त्यांना वाटतं, हे रेक्टरला कळलं तर खोली जाईल. आणि ही भीती हवेतली नाही. 'आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही, घरी घेऊन जा' हे वाक्य कुठल्याही विद्यापीठात ऐकू येतं. जिला सगळ्यांत जास्त माणसांची गरज आहे तिला चोवीस तासांत सामान बांधायला लावायचं आणि फाइलीत 'पालकांच्या ताब्यात दिले' असा शेरा मारायचा. काहींना घरी जाऊन खरंच बरं वाटतं. काहींच्या आजाराचं मूळच घरात असतं. अमेरिकेत सक्तीच्या रजेच्या याच प्रकारावरून विद्यार्थी कोर्टात गेले. स्टॅनफर्डने २०१९ मध्ये आणि येलने २०२३ मध्ये तडजोड करून आपले रजेचे नियम बदलले. एवढी मोठी विद्यापीठं कोर्टाची पायरी चढल्यावर बदलतात, तर बाकीच्यांनी वाट कशाची बघायची?

माझ्यापुरतं मी एवढं करून घेतलंय की समुपदेशन कक्षातून माझ्याकडे कुठलंही नाव येत नाही. जीवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तो मुलीला पहिल्याच भेटीत तोंडी सांगितला जातो. 'खोलीचा ताबा आणि उपचार यांचा एकमेकांशी संबंध नाही' हे वाक्य प्रवेशाच्या नियमावलीत छापून घेतलं. ते वाक्य कमिटीने दोनदा काढलं होतं. तिसऱ्यांदा राहिलं, बहुधा वाचून कंटाळले असतील.

कधीकधी गंमत वाटते. विद्यार्थ्यांच्या राहण्याची काळजी विद्यापीठांनी फार आधीपासून घेतली, तब्येतीची फार उशिरा. ऑक्सफर्डमध्ये १२०९ साली गावकऱ्यांनी दोन-तीन विद्यार्थ्यांना फाशी दिलं, बाकीचे पळाले, आणि १२१४ मध्ये तडजोड झाली तेव्हा विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडांचं भाडं दहा वर्षं निम्मं करायचं असं ठरलं. पॅरिसमध्ये १२३१ सालच्या पोपच्या फर्मानाने भाड्याचे दर ठरवून घ्यायचा हक्क विद्यापीठाला मिळाला. आणि विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी कॉलेजने स्वतंत्र विभाग काढून त्यावर डॉक्टर नेमला, असं पहिलं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजचे एडवर्ड हिचकॉक यांचं नाव घेतात, ते १८६१ चं. मधली साडेसहाशे वर्षं खोली होती, डॉक्टर नव्हता. कदाचित म्हणूनच आजही सगळी दुखणी खोलीच्या अर्जातून येत असतील. असो.

सगळं एका छताखाली आणलं की प्रश्न सुटतील असं मी पूर्वी म्हणायचे. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत विद्यार्थ्यांच्या मदत-संस्था उभ्या राहिल्या. आज त्या विद्यापीठापासून स्वतंत्रपणे वसतिगृहं, भोजनगृहं, शिक्षणासाठीचं सरकारी अर्थसाहाय्य, समुपदेशन आणि विद्यार्थी-पालकांच्या मुलांसाठी पाळणाघरं असं सगळं चालवतात. पण तिथे नेहमीचा डॉक्टर आरोग्य विम्यातून, बाहेर. फिनलंडमध्ये १९५४ पासून विद्यार्थ्यांची स्वतंत्र आरोग्यसंस्था आहे, तीत दातांपासून मनापर्यंत सगळं बघतात, पण घरांचं काम निराळ्या संस्थांकडे. छत कुठेतरी तुटतंच. त्यामुळे हल्ली मी छताचा नाद सोडून चिठ्ठीच्या मागे लागले आहे : या टेबलावरून त्या टेबलावर काय जाईल, काय जाणार नाही, आणि किती वेळात.

सध्या डोक्यात आहे तो सुट्टीचा प्रश्न. परीक्षा संपली की दोन दिवसांत वसतिगृह रिकामं करायची नोटीस लागते. बहुतेकींना ती सणासारखी वाटते. पण दर वर्षी काही मुली शेवटपर्यंत रेंगाळतात. कुणाचा देश लांब, तिकीट परवडत नाही. कुणाचं घर मोडलेलं. कुणी घरच्यांचं ऐकलं नाही म्हणून घराचं दार बंद. कुणाचा उपचार इथे चालू आहे आणि दोन महिने खंड पडला तर सगळं पहिल्यापासून. त्यांचे अर्ज 'प्रकल्पाचं काम बाकी आहे' या कारणाने येतात, कारण मान्य होणारं तेवढं एकच कारण नियमात आहे. मार्गदर्शक प्राध्यापकाची सही लागते, आणि काही प्राध्यापक शहाणे आहेत, न विचारता करतात.

या वर्षी मी एक मजला सुट्टीत चालू ठेवायचा प्रस्ताव दिलाय, कारणाचा रकाना न ठेवता. नाव, खोली, कधीपासून कधीपर्यंत, बस्स. पाणी आणि वीज यांना अडचण नाही. रात्रपाळीच्या काकांच्या रजा अडचणीच्या आहेत, मेस बंद असेल तर मजल्यावर शेगडी चालू द्यायची का यावर मुख्य अभियंता आणि मी अजून भांडतो आहोत, आणि आरोग्य केंद्र सुट्टीत फक्त सकाळी उघडं असतं, तर संध्याकाळचं काय ते ठरायचंय. बैठक पुढच्या बुधवारी आहे. तोपर्यंत ज्यांना राहायचंय त्यांनी नावं कच्च्या वहीत लिहून जा, असं मी मजल्यावर सांगितलंय. वही कार्यालयाच्या बाहेर ठेवलेली आहे, पेन दोऱ्याने बांधलेलं.